जागतिक प्रदर्शनात रांग कुठे लागते?

ओसाकाच्या खाडीत भराव घालून तयार केलेल्या यूमेशिमा बेटावर १३ एप्रिल ते १३ ऑक्टोबर २०२५ असे १८४ दिवस जागतिक प्रदर्शन भरलं होतं. आयोजकांनी आधीपासून एक गोष्ट ठासून सांगितली होती की या प्रदर्शनात कुणाला रांगेत ताटकळावं लागणार नाही. तिकीट मोबाइलवर, यायची वेळ आधीच ठरलेली, दालनांचं आरक्षण घरबसल्या. उद्घाटनाच्या दिवशी पाऊस होता. पूर्वेच्या फाटकाबाहेर छत्र्यांची दाटी झाली, एवढे फोन एकाच जागी जमल्यामुळे नेटवर्क मंदावलं आणि पुष्कळांच्या हातातल्या फोनवर तिकिटाचा क्यूआर कोडच उघडेना. त्यानंतर जाणारे लोक कोड कागदावर छापून नेऊ लागले.

म्हणून हे प्रदर्शन फसलं असं मुळीच नाही. सहा महिन्यांत सुमारे २ कोटी ५६ लाख लोकांनी ते पाहिलं आणि शेवटच्या आठवड्यांत तर आत शिरायला जागा मिळेना. पण त्या पहिल्या दिवसात एक गोष्ट दडलेली आहे, जी अशा कुठल्याही मोठ्या प्रदर्शनाला जाणाऱ्यानं समजून घ्यावी. आरक्षणामुळे दालनातली एकही जागा वाढत नाही. थांबणारे लोक तेवढेच राहतात. कुणी थांबायचं, कुठे थांबायचं आणि किती आधीपासून थांबायचं, एवढंच आरक्षण ठरवतं.

हिशेब साधा आहे. समजा एका दालनात दर वीस मिनिटांनी ६० जणांची तुकडी आत सोडतात. सकाळी नऊ ते रात्री नऊ अशा बारा तासांत ३६ तुकड्या होतात, म्हणजे २,१६० माणसं. त्या दिवशी मैदानावर दीड लाख लोक आले असतील तर शंभरातल्या दीड जणालाही ते दालन बघायला मिळणार नाही. हे गणित सोडत काढून बदलत नाही, ॲप सुधारून बदलत नाही आणि भल्या पहाटे येऊनही बदलत नाही. बदलायचं तर दालनाच्या आत काहीतरी करावं लागतं. कार्यक्रम वीसऐवजी दहा मिनिटांचा केला तर दुप्पट लोक पाहू शकतील. तुकड्या बंद करून लोकांना सतत चालत पुढे जाऊ दिलं तर आणखी कितीतरी जास्त.

हे शेवटचं तंत्र फार जुनं आहे आणि त्याचं सर्वांत धाडसी उदाहरण १९६४-६५ च्या न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात दिसलं. व्हॅटिकननं मायकेलँजेलोचं ‘पिएता’ हे शिल्प रोमहून जहाजानं तिकडे पाठवलं होतं. मेलेल्या येशूला मांडीवर घेऊन बसलेल्या मेरीचं हे शिल्प पाहायला किती लोक येतील याचा अंदाज आयोजकांना होता. त्यांनी शिल्पासमोर वेगवेगळ्या उंचीवर सरकते पट्टे बसवले. प्रेक्षकानं पट्ट्यावर उभं राहायचं आणि पट्टा त्याला शिल्पासमोरून ठरलेल्या वेगानं पुढे नेणार. कुणी रेंगाळायचं नाही, कुणी मागच्याची वाट अडवायची नाही. त्यावर तेव्हाही टीका झाली. जगातल्या एका महान कलाकृतीसमोर माणसाला सामानासारखं सरकवायचं का, हा प्रश्न रास्त होता. पण पट्टा नसता तर दोन हंगामांत मिळून ५ कोटींवर लोक आलेल्या त्या प्रदर्शनात हे शिल्प किती जणांच्या नजरेला पडलं असतं? मला विचाराल तर पट्टा असणंच योग्य होतं. ज्यांना रोमला जाणं आयुष्यात जमणार नव्हतं, अशांनी तिथे ‘पिएता’ पाहिलं.

त्याच प्रदर्शनात डिस्नेच्या माणसांनी ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ ही होड्यांची सफर उभारली. ती आजही डिस्नेच्या उद्यानांत चालते. एकामागून एक होडी येते, माणसं चढतात, होडी न थांबता पाण्यावरून पुढे निघते. एका नाट्यगृहात दिवसभरात जेवढी माणसं बसू शकतील, त्याच्या कितीतरी पट या होड्या नेतात. जनरल मोटर्सच्या दालनात सरकत्या खुर्च्या होत्या. रांग कमी करायचा खरा उपाय नेहमी असा यंत्राच्या आणि वास्तूच्या आराखड्यात असतो. आरक्षण हा त्यानंतरचा उपाय आहे, आणि तो उरलेल्या टंचाईची वाटणी करतो.

वाटणीच्या रीती तीन-चारच आहेत. पहिली पैशाची. १८५१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये भरलेल्या महाप्रदर्शनात दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाचं तिकीट एक पौंड होतं, नंतर पाच शिलिंग. मेअखेरीस सोमवार ते गुरुवार ते एक शिलिंगवर आणलं, शुक्रवारी अडीच शिलिंग, शनिवारी पाच. म्हणजे श्रीमंतांना गर्दीविना बघायचे दिवस आणि कामकरी लोकांना स्वस्ताचे दिवस. साडेपाच महिन्यांत तिथे साठ लाखांवर प्रवेश झाले. दुसरी रीत पायांची, म्हणजे आपल्या ओळखीची रांग. जो जास्त वेळ उभा राहू शकतो तो आत जातो. १९७० साली ओसाकाजवळच्या सेन्री टेकड्यांवर आशियातलं पहिलं जागतिक प्रदर्शन भरलं, तेव्हा अमेरिकेच्या दालनात अपोलो-१२ नं आणलेला चंद्राचा दगड ठेवला होता. त्यासाठी लोक तासन्‌तास उन्हात उभे राहिले. त्या वर्षी ६ कोटी ४२ लाख लोक आले. ५ सप्टेंबरला, म्हणजे समारोपाच्या आठ दिवस आधी, एकाच दिवसात ८ लाख ३५ हजार. २०१० च्या शांघायमध्ये एकूण ७ कोटी ३० लाख लोक आले आणि सौदी अरेबियाच्या दालनाबाहेर आठ-आठ, नऊ-नऊ तासांच्या रांगा लागल्या.

तिसरी रीत नशिबाची, म्हणजे सोडत. चौथी हाताच्या चपळाईची, म्हणजे अमुक वेळेला खिडकी उघडते आणि जो आधी बटण दाबेल त्याला जागा. संगणक आल्यावर या शेवटच्या दोन रीती मोठ्या प्रमाणावर वापरता येऊ लागल्या. २००५ साली जपानच्याच आइची प्रांतातल्या प्रदर्शनात तिकिटाच्या कागदात अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान चिप बसवलेली होती. त्या तिकिटावर इंटरनेटवरून आधी किंवा मैदानावरच्या यंत्रांवर त्याच दिवशी दालनाचं आरक्षण करता येत असे. २०२१-२२ च्या दुबईत ती सोय ॲपमध्ये आली. ओसाकाला २०२५ मध्ये या सगळ्या रीती एकाच व्यवस्थेत गुंफलेल्या होत्या. अशी व्यवस्था पुन्हा कुठेही भेटू शकते, म्हणून तिचं पोट उघडून बघायला हवं.

ओसाकाला आधी खातं काढायचं, तिकीट त्या खात्याला जोडायचं आणि मग येण्याचा दिवस, फाटक आणि तास निवडायचा. तिकीट विकत घेतलं म्हणजे प्रवेश पक्का झाला, असं तिथे नव्हतं. दिवस आणि तास आरक्षित करेपर्यंत ते तिकीट नुसतं पैसे भरल्याची पावती होतं. मोठ्या माणसाचं एका दिवसाचं तिकीट ७,५०० येनचं, संध्याकाळचं ३,७०० येनचं. शेवटच्या महिन्यात अनेकांवर वेळ आली ती इथेच. तिकीट होतं, पण १३ ऑक्टोबरपर्यंतच्या सगळ्या तारखा भरलेल्या.

तारीख ठरल्यावर दालनांच्या आरक्षणाच्या चार पायऱ्या सुरू होत. पहिली सोडत भेटीच्या दोन महिने आधी. तिच्यासाठी तीन महिने आधीपासून अर्ज घेत. दुसरी सोडत सात दिवस आधी, तिचे अर्ज महिनाभर आधीपासून. प्रत्येक सोडतीत पसंतीक्रमानं पाच पर्याय देता येत आणि लागला तर त्यातला एकच लागे. तिसरी पायरी तीन दिवस आधीची. त्या दिवशी मध्यरात्री बारा वाजता उरलेल्या जागा उघडत आणि जो आधी येईल त्याला मिळत. रेल्वेच्या तत्काळ तिकिटासाठी दहाच्या ठोक्याला बोटं सरसावून बसण्याचा अनुभव असलेल्यांना ही पायरी समजावून सांगायला नको. चौथी पायरी मैदानावर. फाटकातून आत आल्यावर दहा मिनिटांनी त्याच दिवसाची आरक्षणं खुली होत, एका वेळी एक. ते वापरून झालं की पुढचं.

या चार पायऱ्यांमागचा विचार मला पटतो. सगळ्या जागा एकदम वाटून टाकल्या तर दोन महिने आधी सहल ठरवणारेच त्या नेतील. गावातला माणूस, ज्याला परवा सुट्टी मिळाली, त्याच्यासाठी काहीच उरणार नाही. थोड्या थोड्या जागा वेगवेगळ्या वेळी सोडल्या तर वेगवेगळ्या सोयीच्या लोकांना संधी मिळते. शिवाय सोडतीत घाई नसते. महिनाभरात केव्हाही शांतपणे अर्ज करा, सत्तरीच्या आजींना आणि पंचविशीच्या नातवाला सारखीच शक्यता. मध्यरात्रीच्या पायरीत मात्र ही समानता संपते. तिथे वेगवान जोडणी, तरबेज बोटं आणि जागं राहण्याची ताकद यांचं राज्य चालतं. एवढे लोक एकदम आले की संकेतस्थळाच्या दारातच प्रतीक्षेचं पान येतं. तुमच्या पुढे इतके लोक आहेत, थांबा. म्हणजे रांगेतली जागा मिळवायच्या रांगेत जायलाही रांग.

हे प्रतीक्षेचं पान कसं चालतं हे ठाऊक असलं तर बराच मनस्ताप वाचतो. सर्व्हर एका मिनिटात ठरावीक लोकांचंच काम करू शकतो. जास्त आले तर तो कोलमडतो आणि कुणालाच काही मिळत नाही. म्हणून आलेल्याला एक क्रमांक देऊन बाहेर थांबवतात. तो क्रमांक तुमच्या ब्राउझरमध्ये साठवलेला असतो. अशा अनेक व्यवस्थांत ठरलेल्या वेळेआधी आलेल्या सगळ्यांचे क्रमांक चिठ्ठ्या टाकल्यासारखे मिसळून देतात. त्यामुळे एक तास आधी आणि पाच मिनिटं आधी येणं सारखंच, मात्र पाच मिनिटं उशिरा येणं महागात पडतं. पान पुन्हापुन्हा ताजं करून क्रमांक पुढे सरकत नाही. कधी कधी तो हातचा जातो. एक खिडकी उघडावी आणि तिला हात न लावता थांबावं.

पाच पर्याय कसे भरायचे यातही विचार लागतो. सगळ्यात गाजलेली पाच दालनं आणि तीही रविवारी सकाळी अकराला मागितली, तर पाचही ठिकाणी तीच झुंबड असते. एक-दोन पर्याय स्वप्नातले ठेवावेत, बाकीचे असे की ज्यांची तुम्हाला खरी ओढ आहे पण ज्यांच्यावर वर्तमानपत्रांनी लिहिलेलं नाही. वार मधला, वेळ संध्याकाळची. आणि फाटकाची वेळ व पहिल्या दालनाची वेळ यांत किमान तास-दीड तास मोकळा असावा. दहाच्या फाटकाचं आरक्षण असलं तरी तुम्ही दहाला आत असता असं नाही. तिथे सामानाची तपासणी असते आणि तिचीही रांग असते. ओसाकाचं मैदान १५५ हेक्टरांचं होतं. एवढ्या मैदानात एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला वेळ लागतो आणि आरक्षणाच्या वेळेला उशीर झाला तर मिळालेली जागा जाते.

ओसाकाला सगळीच दालनं या चार पायऱ्यांत बसत नव्हती, आणि नवख्या माणसाची सर्वांत जास्त दमछाक इथे होत होती. अमेरिकेच्या दालनात आरक्षणच नव्हतं. १९७० सारखाच याही वेळी तिथे चंद्राचा दगड होता आणि तो बघायचा तर उभं राहणं भाग होतं. इटलीनं आपलं वेगळं ॲप आणलं होतं. भारताचं दालन उद्घाटनाच्या दिवशी उघडलेलं नव्हतं, ते नंतर खुलं झालं. म्हणजे मुख्य संकेतस्थळ कितीही वेळा पाहिलं तरी पुरं चित्र हाती लागत नव्हतं. आयोजकांचा कागदी नकाशा २०० येनला विकत मिळे, पण तो लोकांना अपुरा वाटला. काही दर्शकांनी स्वतः मैदानात हिंडून नकाशे तयार केले. पाण्याचे नळ कुठे, सावली कुठे, कुठलं दालन आरक्षणाविना, कुठल्या खाद्यगृहात काय मिळतं, हे सगळं त्यांत होतं. ते त्यांनी लोकांना फुकट दिले आणि हजारो लोक ते छापून घेऊन फिरले. दालनांच्या मोकळ्या जागा एका नजरेत दाखवणारी पानंही अशाच हौशी मंडळींनी बनवली. मला या प्रदर्शनाची ही बाजू फार मोलाची वाटते. करोडोंची यंत्रणा जिथे तोकडी पडली, तिथे माणसांनी माणसांना वाट दाखवली.

इटलीच्या दालनाबद्दल थोडं सांगायलाच हवं. नेपल्सच्या संग्रहालयातला ‘फार्नेसे ॲटलास’, म्हणजे आकाशाचा गोल खांद्यावर पेलणारा संगमरवरी ॲटलास, तिथे आणला होता. त्याच दालनात व्हॅटिकनचा विभाग होता आणि त्यात काराव्हॅज्जोचं ‘येशूचं दफन’ हे चित्र. न्यूयॉर्कनंतर साठ वर्षांनी पुन्हा व्हॅटिकनची कलाकृती, पुन्हा जागतिक प्रदर्शन आणि पुन्हा तोच पेच. इथे सरकता पट्टा नव्हता. लोकांना चित्रासमोर उभं राहता येत होतं, आणि त्याची किंमत बाहेरचे लोक कित्येक तास रांगेत राहून मोजत होते. आत प्रत्येकाला मनासारखा वेळ द्यायचा की बाहेरच्या जास्तीत जास्त लोकांना आत घ्यायचं, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. एक मात्र नक्की. हा निर्णय ॲप करत नाही, दालन उभारणारे करतात, आणि तो झाल्यावर कुठल्याही ॲपला तो फिरवता येत नाही.

‘बिनरांगेच्या’ धोरणातून एक विचित्र गोष्टही निपजली. काही दालनांनी रांग एका मर्यादेपर्यंतच लावायची असं ठरवलं. ती भरली की कर्मचारी फलक धरून उभे राहत: रांग सध्या बंद. मग लोक काय करत? ते दालनाच्या आसपास घोटाळत, झाडाला टेकून उभे राहत, लांबून नजर ठेवत. फलक खाली गेला रे गेला की सगळे एकदम धावत. ही लपलेली रांगच होती. दिसणारी रांग जितकी त्रासदायक असते, त्याहून ही जास्त, कारण तिला क्रम नाही. आधी आलेला मागे राहतो आणि नुकताच आलेला तरुण पुढे जातो. गर्दीत धावणं धोक्याचंही आहे.

डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ साली रांगांच्या मानसशास्त्रावर एक लेख लिहिला. तो आजही बँकांपासून विमानतळांपर्यंत सगळीकडे वाचला जातो. त्यांचं म्हणणं असं की वेळ किती लागला यापेक्षा तो कसा गेला हे माणसाला जास्त जाणवतं. किती थांबायचं हे माहीत नसेल तर थांबणं लांबतं. अन्याय होतोय असं वाटलं तर ते आणखी लांबतं. एकट्यानं थांबणं सोबतीनं थांबण्यापेक्षा लांब वाटतं. बंद केलेली रांग यातल्या पहिल्या दोन्ही कसोट्यांवर नापास होते. माझं मत स्पष्ट आहे. ‘इथून दीड तास’ अशी पाटी लावलेली सरळ, प्रामाणिक रांग ही ‘रांग नाही’ असा देखावा करणाऱ्या गर्दीपेक्षा कितीतरी माणुसकीची आहे. आणि प्रत्येक दालनानं जागांचा एक हिस्सा तरी उभं राहणाऱ्यांसाठी राखायला हवा. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, ज्यांना जपानी किंवा इंग्रजी पान वाचता येत नाही, अशांना दुसरा रस्ता नाही. मदतीला माणसं बसलेले खिडकीवजा कक्ष ओसाकाला होते, काही दालनांत वृद्धांसाठी आणि लहान मुलांच्या पालकांसाठी वेगळी वाटही होती. पण त्या कक्षांपुढेही रांग लागे.

उभं राहायचं ठरलंच तर किती वेळ लागेल याचा अंदाज स्वतः काढता येतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकवलेल्या जॉन लिटल यांनी १९६१ साली एक नियम गणितानं सिद्ध केला. रांगेतली माणसं म्हणजे दर मिनिटाला येणारी माणसं गुणिले प्रत्येकाचा थांबण्याचा वेळ. तो उलटा करून वापरायचा. शेपटाला उभं राहण्याआधी दारापाशी जा, पाच मिनिटांत किती जण आत जातात ते मोजा. ५० गेले आणि पुढे अदमासे ६०० माणसं असतील तर बारा पंचे साठ, म्हणजे एक तास. तुकड्यांनी सोडत असतील तर पाचऐवजी वीस-पंचवीस मिनिटांचा हिशेब घ्यावा. रांग लांब दिसते म्हणून मागे फिरू नये आणि आखूड दिसते म्हणून लगेच शिरू नये. भराभर सरकणारी लांब रांग मंद चालणाऱ्या आखूड रांगेला मागे टाकते. हे शास्त्र सुरू झालं ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत. एका वेळी किती जण फोन करतील आणि त्यासाठी किती तारा पुरतील, हा प्रश्न ॲग्नर एरलांग यांनी १९०९ साली गणितात मांडला. आज फोनवर दिसणाऱ्या मोकळ्या-भरलेल्या खुणांच्या मागेही त्याच गणिताची पुढची पिढी आहे.

दिवसाची निवड हा तर सगळ्यांत मोठा निर्णय. इतिहास याबाबतीत एकसारखं सांगतो. १९७० चा सर्वाधिक गर्दीचा दिवस शेवटच्या नऊ दिवसांतला. शांघायमध्ये १६ ऑक्टोबर २०१० ला १० लाख ३० हजार लोक आले, समारोप ३१ तारखेला होता. २०२५ च्या एप्रिलात ओसाकाचं मैदान तुलनेनं मोकळं होतं आणि सप्टेंबरात रोज दोन लाखांच्या आसपास माणसं येत होती. सहा महिने चालणारी गोष्ट माणूस पुढे ढकलत राहतो, मग कानावर कौतुक येतं आणि सगळे एकदम निघतात. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत एखादं दालन अपुरं असेल, एखादं बंद असेल, तरी मी ते आठवडे निवडीन. पावसाळी दिवस आणि संध्याकाळही चांगली. आरक्षण केलेले काही लोक पावसात येत नाहीत, जागा परत सुटतात आणि चौथ्या पायरीवर ज्या गोष्टी सकाळी स्वप्नवत वाटल्या त्या अचानक मोकळ्या दिसतात.

फाटकाबाहेरची रांगही हिशेबात धरावी लागते. यूमेशिमाला जाणारा मेट्रोचा मार्ग एकच. बाकी बस, त्याही आरक्षणाच्या. १३ ऑगस्ट २०२५ च्या रात्री वीजपुरवठा तुटून तो मार्ग बंद पडला आणि सुमारे तीस हजार लोक बेटावर अडकले. अनेकांनी रात्र तिथेच काढली. काही दालनांनी दारं उघडली, काहींनी गाणी म्हणून लोकांचं मन रमवलं. बेटावर प्रदर्शन भरवलं की पूल आणि बोगदा हीच खरी फाटकं ठरतात. परतीची गर्दी टाळायची तर समारोपाच्या रोषणाईआधी निघावं किंवा ती संपल्यावर निवांत बसावं. मधला अर्धा तास सगळ्यांचा असतो.

आणि एवढं सगळं आरक्षणाचं सांगितल्यावर हेही सांगायला हवं की ओसाकाच्या मैदानावरचं सर्वांत सुंदर ठिकाण विनाआरक्षण होतं. वास्तुकार सोऊ फुजिमोतो यांनी रचलेलं लाकडी वर्तुळ, सुमारे दोन किलोमीटर परिघाचं, ज्याच्या माथ्यावरून चालत समुद्र आणि सगळी दालनं दिसत. पावसात आणि उन्हात त्याच वर्तुळाखाली लाखो लोकांनी आसरा घेतला. ज्या देशांना स्वतंत्र इमारत परवडली नाही, त्यांच्यासाठी ‘कॉमन्स’ नावाच्या सामाईक इमारती होत्या. एकेका देशाला एकेक कोपरा. तिथे सहसा सहज शिरता येई. आफ्रिकेतल्या, कॅरिबियनमधल्या, प्रशांत महासागरातल्या छोट्या देशांचे लोक तिथे स्वतः उभे असत आणि त्यांना बोलायला वेळ असे. मोठ्या दालनांत पडद्यावरचा देश दिसतो, इथे देशातला माणूस भेटतो. दिवसभरात दोन आरक्षणं आणि बाकी वेळ असा मोकळा, ही वाटणी मला सर्वांत चांगली वाटते. सात दालनांची घट्ट बांधलेली यादी घेऊन पळणाऱ्या माणसाच्या नजरेला फोनच जास्त पडतो.

पुढचं मोठं प्रदर्शन सर्बियात, बेलग्रेडला १५ मे ते १५ ऑगस्ट २०२७ या काळात आहे. ते खेळ आणि संगीत या विषयांपुरतं, आकारानं लहान. त्यानंतर १ ऑक्टोबर २०३० ते ३१ मार्च २०३१ रियाध. आखातात लाखो भारतीय राहतात, त्यांत मराठी माणसंही पुष्कळ आहेत, तेव्हा रियाधला आपल्याकडून बरेच लोक जातील. तिथले नियम जाहीर झाले की आधी काही प्रश्नांची उत्तरं शोधावीत. तिकीट आणि दिवसाचं आरक्षण एकच आहे की वेगवेगळं? सोडत आहे की आधी येईल त्याला? कुठल्या देशांची वेगळी ॲप आहेत? गटातल्या सगळ्यांची तिकिटं एका खात्यात जोडता येतात का, की प्रत्येकाला आपलं खातं लागेल? आणि घड्याळ कुठलं? ओसाकाची मध्यरात्र भारतात रात्री साडेआठला होत असे, जेवणाच्या वेळी सहज जमण्यासारखं. रियाधमध्ये बारा वाजतात तेव्हा भारतात पहाटेचे अडीच झालेले असतात. अशा वेळी तिथे राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाला आपल्या तिकिटांचा गट सांभाळायला सांगणं अधिक सोयीचं. तिकिटांची छापील प्रत मात्र प्रत्येकानं स्वतःच्या पिशवीत ठेवावी.